जातीवरून खोचक विचारणाऱ्यालाही गोडच उत्तर द्यायचं का?

निशिगंध
भाची यंदा मेडिकलला लागली. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये, सगळ्यांदेखत, वर्गातली मुलगी म्हणाली, ‘नीटला किती पडले? कॅटेगरीतून ना?’ भाची म्हणाली, ‘तुला काय करायचंय?’ झालं, ‘फार उद्धट आहे’ असं तिचंच नाव झालं. विचारणारीला कुणी चकार शब्द बोललं नाही. २०१९ पासून खुल्या प्रवर्गातल्या गरिबांसाठी ईडब्ल्यूएसचं १० टक्के आरक्षण आहे, त्या मुलांना असं ताटावर कुणी विचारतं का? अशा प्रश्नाला नम्रपणे उत्तर देण्याचं बंधन आमच्या मुलांवर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सह्याद्री_७२
प्रश्न चूकच. पण अठरा वर्षांची पोर घरी ऐकलं तेच बोलणार. तोडून बोललं की तिला घरचंच खरं वाटतं. बाबासाहेबांनी संविधान सभेत विरोधकांना किती मुद्देसूद उत्तरं दिली! समजावून सांगायला काय जातं?

निशिगंध
जातं, रोज जातं. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी पाठ करायची की वर्गाला शिक्षणातल्या आरक्षणाचा आधार असलेलं संविधानाचं कलम १५(४) शिकवत बसायचं? १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आलेलं कलम आहे, ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्याला मोबाइलवर मिळतं. आणि याच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. तेव्हाही कुणाची मर्जी सांभाळली नव्हती.

रानवारा
मी पारधी समाजातला, शिक्षक आहे. ‘सर, तुमच्यात चोरी शिकवतात का?’ असं मुलं विचारतात. त्यांना जवळ बसवून सांगतो: इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा देशभरातून १९५२ साली गेला. पोरं ऐकतात, पुढचे प्रश्नही विचारतात. तेच एखादा पालक हसत हसत विचारतो, तेव्हा मी उठून जातो. त्याला उत्तर नको असतं, माझं तोंड बघायचं असतं.

सह्याद्री_७२
सर, हा फरक पटला. तरी मला काळजी भाचीची वाटते. ‘उद्धट’ हे नाव सीनियर्सपर्यंत, प्राध्यापकांपर्यंत गेलं तर पाच वर्षं तिलाच भोगायचंय.

निशिगंध
म्हणजे मार्कांच्या भीतीने गप्प बसायचं. मग बाकीच्यांनी बोलावं ना! टेबलावर एवढ्या जणी होत्या, एकीने तरी ‘असं विचारू नकोस’ म्हणायला हवं होतं. तुमची मुलगी तिथे असती तर तिला हे सांगितलं असतंत?

सह्याद्री_७२
हो, नक्की सांगितलं असतं. पण भाचीने एकदा तरी समजावून पाहावं, हे माझं मत कायम आहे.