अपघातस्थळी जखमींच्या बोटाला बिनतारी सेन्सर: खान्देशात कामाचे की शोभेचे?

तापीकाठ: जानेवारी २०२५ मध्ये परधाडे-माहेजी दरम्यान आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना उडवलं. अशा वेळी जखमी लांबवर विखुरलेले आणि तपासणारे मोजके. हार्वर्डच्या कोडब्लू प्रकल्पाने वीस वर्षांपूर्वीच यावर तोड काढली होती. बोटाला पल्स ऑक्सिमीटर (नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा), त्याला छोटा रेडिओ. एका पेशंटचं यंत्र शेजारच्याकडे आकडे ढकलतं, तसं करत ते डॉक्टरांपर्यंत जातात. मोबाइल टॉवर लागत नाही. धडगाव, तोरणमाळला हेच तर हवं! १०८ च्या प्रत्येक गाडीत असा संच द्या.

सातपुड्याचा वारा: टॉवरचं सोडा, रस्ता कुठे आहे? पाड्यावरून बाईला बांबूच्या झोळीत घालून खाली आणतात. तुमची साखळी यंत्रं जवळजवळ असली तरच चालणार. दरीतून एकटी झोळी निघाली की साखळी कसली? आधी गाडी आणि डॉक्टर द्या.

तापीकाठ: झोळीचं मान्य. मी गर्दीच्या अपघाताबद्दल बोलतोय. पिवळी चिठ्ठी, म्हणजे 'हा थोडं थांबू शकतो' अशी खूण, बांधलेल्याला पोटात रक्तस्राव असेल तर बाहेरून काही दिसत नाही, नाडी मात्र वाढत जाते. त्याच्याकडे परत फिरून बघतं कोण?

सिस्टरताई: चिठ्ठी बांधायला यंत्र लागत नाही. श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाला नाडी नाही, सांगितलेलं कळत नाही. यातलं एक जरी असलं तरी लाल चिठ्ठी, म्हणजे सगळ्यात आधी. मिनिटभराचं काम. आणि रक्त गेलेल्याची बोटं गार पडतात, तिथे ऑक्सिमीटर आकडाच देत नाही. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच नाही. सावळ्या कातडीवर तर तो ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवू शकतो, अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासात हे दिसलंय.

तापीकाठ: आकडा गेला, हाच निरोप समजायचा आणि पळायचं.

सिस्टरताई: पेशंट नुसता हलला तरी आकडा जातो, दादा. दहा खोट्या हाका आल्या की अकरावीला कोणी उठत नाही.

भरीतवाला भो: भाऊ, यंत्र चांगलं शे, पन चार्ज कोन करी? जळगावले मे महिनामा ४५ ना पारा, बंद गाडीमा बॅटरीनं भरीत व्हई जाई.

तापीकाठ: बरं, गाडीत नको. जिल्हा रुग्णालयात एक संच ठेवा, रोज कॅज्युअल्टीत वापरा; अपघात झाला की तोच उचलून न्यायचा. रोजच्या वापरातलं यंत्र चार्ज राहतं. सिस्टरताई, असं चालेल?

सिस्टरताई: चालेल की. पण स्क्रीन बघायला ड्युटीवर एक माणूस जास्तीचा द्या. तो संचासोबत येत नाही.