आक्रमक प्रजाती: रोग की लक्षण?

रानवाट: बाहेरची प्रजाती माजली की सगळे तिलाच शिव्या घालतात, जागा आधीच खंगलेली होती हे कुणी बघत नाही. काळा समुद्र घ्या ना. निमिऑप्सिस नावाचा जेलीसारखा प्राणी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला जहाजात भरलेलं पाणी) तिथे पोचला, पण त्याआधीच नद्यांनी वाहून आणलेल्या खतांनी पाणी बिघडलेलं, मोठे शिकारी मासे पकडून पकडून संपत आलेले, मग याला रान मोकळंच, आणि दशक संपेपर्यंत अँकोव्ही या छोट्या माशांची मासेमारी कोसळली. समुद्र धडधाकट असता तर एवढं झालं नसतं.

पाऊलखूण: अजिबात पटलं नाही. ग्वाम बेटावर तपकिरी झाडसाप दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजातल्या सामानातून आला आणि रानातल्या १२ स्थानिक पक्ष्यांपैकी १० जाती बेटावरून गेल्या, जंगल उभं होतं तिथूनसुद्धा! त्या पक्ष्यांना असा शिकारी माहीतच नव्हता, यात जंगलाच्या तब्येतीचा काय संबंध? तुमच्या म्हणण्याचा धोका असा की लोक म्हणतात आधी जागा सुधारू, सापाचं नंतर बघू, आणि तोवर पक्षी संपलेले असतात.

मातीचा_माणूस: तुम्ही दोघंही जागेवरचा ताण, म्हणजे तिथली खडतर परिस्थिती, वाईटच असं धरून चाललाय. कॅलिफोर्नियात सर्पेंटाइन खडकावरची गवताळ रानं आहेत, माती इतकी निकस आणि निकेल मॅग्नेशियमने भरलेली की बाहेरच्या गवतांना तिथे टिकणंच अवघड, स्थानिक रानफुलं मात्र मजेत. म्हणजे तो ताण हेच कुंपण होतं. मग गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन वर्षानुवर्षं मातीत उतरत गेला, फुकटचं खतच ते, आणि इटालियन रायगवत घुसलं. त्यात फुलपाखरांच्या अळ्या ज्यावर जगतात ती बारकी रोपं दबली. गंमत म्हणजे जिथे गुरं चरत राहिली तिथे गवत आटोक्यात राहिलं.

रानवाट: हे पटलं, माझं वाक्य सुधारतो. खडतरपणा नाही, जागेची बसलेली घडी मोडणं महत्त्वाचं. डेव्हिस, ग्राइम आणि थॉम्पसन या परिसंस्था-अभ्यासकांनी २००० साली हेच मांडलं होतं, की पाणी, प्रकाश, अन्नद्रव्यं अचानक वापराविना शिल्लक राहिली की दार उघडतं. पण घडी बहुतेक वेळा आपणच मोडतो.

पाऊलखूण: आणि पाहुणाही मोडतो की! पश्चिम अमेरिकेतलं चीटगवत लवकर वाळतं, मग वणवा पेटतो, सेजब्रशची झुडपं जळतात ती परत यायला कित्येक वर्षं, गवत मात्र पुढच्याच मोसमात हजर आणि पुन्हा जळायला तयार. इथे ताण आधी की गवत आधी हे शोधत बसायला वेळ नाही, मी तरी आधी गवताच्याच मागे लागेन.