वजन सोडा, मूठ उघडून बघा

काल्पनिक कथा-सिनेमांतल्या (फॅंटसी) तलवारी पाच-सहा किलोच्या, म्हणजे अवास्तव जड दाखवतात, यावरच सगळी चर्चा अडकली आहे. मुद्दा खराच, खरी दोन हाती लांब तलवार साधारण १.१ ते १.८ किलोच भरते. पण तलवार मोडते ती बहुतेकदा मुठीपाशी. पात्याचा मुठीत शिरणारा भाग रुंद हवा आणि पातं जिथे अरुंद होतं तो कोपरा गोलसर घासलेला हवा. काटकोनी ठेवला तर ताण तिथेच एकवटतो आणि तडा जातो. शोभेच्या तलवारीत तर पात्याला स्क्रूसारखे आटे असलेला बारीक गज वेल्ड केलेला असतो. जोरात वार केला की पातं उडालंच, कुणाच्या अंगावर ते नशीब! आणि फॅंटसी तलवारींच्या मुठीच्या आडव्या दांडीवरचे ते उलटे काटे? शत्रूआधी स्वतःचंच मनगट फाडतील.