सेटिंग अपुरी असेल तर अ‍ॅप उठूच देऊ नये

संभाजीनगर_बॅकएंड (धागाकर्ता):
वेब अ‍ॅप सुरू होताना सगळी सेटिंग्ज एकाच ठिकाणी वाचावीत, तपासावीत आणि एक जरी चुकलं तरी पोर्ट (रिक्वेस्ट जिथून येतात तो क्रमांक) उघडायच्या आत थांबावं, हे माझं ठाम मत. कोडमध्ये जागोजागी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या नाव-किमतीच्या जोड्या) वाचत बसलं की चूक कळते ती मोंढ्यात सौदे ऐन रंगात आल्यावर.

सगळ्यात घातक डीफॉल्ट, म्हणजे किंमत दिली नाही तर आपसूक धरली जाणारी. डेटाबेसचा पत्ता नसला तर 'लोकलहोस्ट', म्हणजे तेच मशीन, धरायचा, ही सोय नव्हे. अ‍ॅप चालू दिसतं आणि आडत्यांच्या विक्रीच्या पट्ट्या भलत्याच डेटाबेसात जातात.

शिवाय एन्व्हायर्नमेंटमधून येतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतं. पायथनमध्ये बूल("फॉल्स") चं उत्तर ट्रू (खरं) येतं, कारण रिकामी नसलेली स्ट्रिंग खरीच धरली जाते. डीबग (चुका शोधायचा मोड) बंद केलाय असं आपण समजतो, तो चालूच असतो. नाव लिहून किंमत मोकळी सोडली तर डीफॉल्टही लागत नाही, रिकामी स्ट्रिंग हातात पडते.

मोंढा_लातूर:
दादा, अर्धं पटलं. एसएमएस सेवेची की (गुप्त चावी) द्यायची राहिली म्हणून सोयाबीनच्या भावाचं पान बंद ठेवायचं का? शेतकरी माल काढून भाव बघत बसलेला असतो.

दुसरं, लाइटचं काय? तालुक्याच्या ऑफिसात लाइट गेली-आली की सर्व्हर आपसूक उठतो. पोस्टग्रेस डेटाबेसला अर्धवट राहिलेलं काम निस्तरायला वेळ लागतो, अ‍ॅप त्याच्या आधी उठतं. तुमच्या नियमानं ते लगेच मरणार. सिस्टमडी म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम सुरू-बंद करणारी व्यवस्था; तिच्या युनिट फाइलीत (प्रोग्राम कसा चालवायचा ते लिहिलेली फाइल) 'रीस्टार्ट' लावलं असेल तर ती मूळ सेटिंगवर १०० मिलिसेकंदांनी पुन्हा उठवतं आणि १० सेकंदांत ५ वेळा झालं की सोडून देतं. डेटाबेस ४० सेकंदांनी तयार झाला तरी अ‍ॅप आडवंच. हातानं उठवायला रात्री तिथं कोण असतं?

संभाजीनगर_बॅकएंड:
डेटाबेस उठलेला नसणं ही सेटिंगची चूकच नाही, दोन्हींची गल्लत नको. पत्ता लिहिलाय का, पोर्ट १ ते ६५५३५ मध्ये आहे का, एवढंच सुरुवातीला बघायचं. जोडणी मात्र १, २, ४, ८ सेकंद असं अंतर वाढवत ३० पर्यंत नेऊन करत राहायची.

सेटिंग चुकली तर एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा) ७८ देऊन बाहेर पडा. युनिक्सच्या जुन्या रिवाजात तो कॉन्फिगरेशनच्या चुकीसाठीच आहे. युनिट फाइलीत 'रीस्टार्ट-प्रिव्हेंट-एक्झिट-स्टेटस' ला ७८ द्या, म्हणजे सिस्टमडी उगाच उठवत बसत नाही. बाकी पडझडीसाठी 'रीस्टार्ट-सेक' (पुन्हा उठवण्याआधी थांबायचे सेकंद) ५ करा, मग १० सेकंदांत ५ ची मर्यादा गाठलीच जात नाही.

एसएमएसचं मान्य, पण 'एसएमएस बंद' असं लिहून द्या. चालू लिहिलंय आणि की नाही, तर थांबायचं.

परभणी_सिक्युरिटी:
पासवर्डाचा विषय राहिला की. एन्व्हायर्नमेंटमधलं सगळं चाइल्ड प्रोसेसला (त्यानं सुरू केलेल्या प्रोग्रामला) वारशानं जातं, डॉकरच्या कंटेनरची माहिती दाखवणाऱ्या 'इन्स्पेक्ट' कमांडमध्ये उघडं दिसतं. एरर रिपोर्ट पाठवणारी काही साधनंही ते उचलून बाहेर पाठवतात. पासवर्ड ६०० परवानगीच्या (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येणाऱ्या) फाइलीत ठेवा आणि अ‍ॅपला फक्त फाइलीचा पत्ता द्या.

जालना_ऑप्स:
ताई, मला हे पटत नाही. ज्या युजरखाली अ‍ॅप चालतं तो ती फाइलही वाचतोच. वर फाइलीचे स्वतःचे ताप. इको कमांडनं पासवर्ड लिहिला की शेवटी न्यूलाइन (नव्या ओळीची न दिसणारी खूण) चिकटते. विंडोजवर बनवलेली डॉट-एन्व्ह (सेटिंग्जची) फाइल बॅशनं सोर्स केली, म्हणजे वाचून लागू केली, की प्रत्येक किमतीच्या शेपटाला कॅरेज रिटर्न हे विंडोजचं न दिसणारं ओळ-चिन्ह राहतं. स्क्रीनवर पासवर्ड बरोबर दिसतो आणि डेटाबेस नाकारतो.

परभणी_सिक्युरिटी:
घुसलेल्या माणसापासून फाइल वाचवत नाही, खरं आहे. नकळत होणारी गळती ती थांबवते, आणि माझा भर त्यावरच आहे. न्यूलाइन टाळायला इकोऐवजी प्रिंटएफ कमांड वापरा, वाचताना शेपूट छाटा.

मोंढा_लातूर:
चालू बाजारात सेटिंग बदलायची झाली तर? दुपारी रीस्टार्ट परवडत नाही.

संभाजीनगर_बॅकएंड:
एनजिनएक्स हा वेब सर्व्हर करतो तसं करा. हप सिग्नल (सेटिंग पुन्हा वाचायचा इशारा) मिळाला की ते नवी फाइल तपासतं, चूक निघाली तर जुन्यावरच चालू राहतं. आपणही नवी सेटिंग्ज वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये भरून, तपासून, मग एकदम अदलाबदल करायची. चालू ऑब्जेक्टात एकेक किंमत बदलू नका, मधेच आलेल्या रिक्वेस्टला अर्धं जुनं अर्धं नवं मिळतं.

जालना_ऑप्स:
हे मान्य. फक्त पहिल्याच चुकीला थांबू नका, सगळ्या चुका एकदम छापा. नाहीतर माणूस एक दुरुस्त करून दुसरीला अडखळतो. सेटिंगचं नाव, काय हवं होतं, काय मिळालं, एवढं द्या. पासवर्ड असेल तर मिळालेली किंमत छापू नका. मराठी कीबोर्डवरून टाकलेले पोर्टचे अंक पायथनचं इंट निमूट घेतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र 'नॅन' (हा आकडाच नाही) देतं. असली चूक नुसत्या 'पोर्ट चुकीचा' या ओळीवरून कुणाला सापडणार?