दुसऱ्या देशात जायचं की नाही: हे तळ्यात-मळ्यात थांबवायचं कसं?

कुंपणावरचा
दुसऱ्या देशात जायचं की आहोत तिथेच राहायचं, या प्रश्नाचं आमच्या घरात दोन वर्षं भिजत घोंगडं आहे. मी एक्सेलमध्ये तक्ता केलाय. चौतीस ओळी: पगार, कर, मुलांची शाळा, भाषा, हवामान, म्हातारपण... प्रत्येक ओळीला गुण, गुणांना वजन. बेरीज मनासारखी आली नाही की मी वजनं बदलतो. मग ती मनासारखी येते आणि मला खरी वाटत नाही.

त्यामुळे आता माझं ठाम मत झालंय (माझं, आणि ठाम!) की माहिती कमी पडते म्हणून निर्णय अडतो, हे खोटं आहे. एका टप्प्यानंतर माहिती गोळा करणं हा निर्णय टाळायचा सभ्य मार्ग असतो. एक तारीख ठरवावी आणि त्या दिवशीही पारडी सारखीच असतील तर सरळ नाणं उडवावं. हसू नका. स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञाने हा प्रयोग केलाय. नोकरी सोडू का, नातं तोडू का, अशा प्रश्नांवर अडलेल्या लोकांसाठी संकेतस्थळावर नाणेफेक ठेवली; २०,००० हून अधिक वेळा नाणं उडवलं गेलं. मोठ्या प्रश्नांत ज्यांनी बदल केला, ते सहा महिन्यांनी जास्त समाधानी निघाले.
पटत नसेल तर खोडून काढा.

आकडेमोड
खोडतो. एक, समाधान लोकांनी स्वतःच सांगितलेलं आहे. दोन, अनोळखी संकेतस्थळावर जाऊन नाणं उडवणारा माणूस आधीच निम्मा उठलेला असतो. तीन, आणि हे तुमच्यासाठी महत्त्वाचं, सहा महिने! कालेर्वो ओबेर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या लेखात परक्या संस्कृतीत रुळण्याचे टप्पे मांडले. पहिल्याला नावच 'मधुचंद्र' दिलं आणि तो फार तर सहा महिने टिकतो म्हटलं. खरा जाच त्यानंतर सुरू होतो. म्हणजे मधुचंद्र संपायच्या दिवशी विचारायचं, संसार कसा चाललाय?

धडक बेधडक
एवढा कीस कशाला काढायचा? जाऊन बघा, नाही जमलं तर परत या. विमान दोन्ही दिशांना उडतं.

परतून आलेली
@धडक बेधडक, मी विमानाने दोन्ही दिशांना उडलेली आहे. सात वर्षं राहून परत आले, म्हणून बोलते. 'नाही जमलं तर परत येऊ' ही पळवाट मनात ठेवून गेलो आणि तिनेच घात केला. पहिली तीन वर्षं आम्ही धड कपाटही घेतलं नाही. भाषेच्या वर्गाला नाव घातलं नाही. परतच जायचंय ना कदाचित!

नंतर एक प्रयोग वाचला आणि चमकले. गिल्बर्ट आणि एबर्ट या संशोधकांचा, २००२ चा. विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवायचं. काहींना सांगितलं, नंतर बदलून मिळेल. काहींना सांगितलं, मिळणार नाही. ज्यांना बदलायची मुभा नव्हती, त्यांना आपलं चित्र नंतर जास्त आवडलं. आणि गंमत म्हणजे, आधी विचारलं तर लोक मुभाच मागतात.

परत येणंही फुकट नसतं. मुलं मधल्या इयत्तेत उपटली जातात. मागे राहिलेली माणसं तुमच्यासाठी जागा राखून बसलेली नसतात.

धडक बेधडक
म्हणजे जाऊच नये?

परतून आलेली
असं कुठे म्हटलं? जायचं तर कपाट घ्यावं.

सावकाश
कुंपणावर बसण्यात एवढं वाईट काय आहे, हेच मला कळत नाही. मन दोन वर्षं अडतंय म्हणजे ते काहीतरी सांगतंय. घाईने उडी मारणाऱ्यांचे किस्से सगळे ऐकतात, न गेलेल्यांचं बरं चाललंय याचा किस्सा होत नाही.

कागदी घोडा
@सावकाश, वाईट हे की कुंपण खालून कुजतं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल साधारण दोनच वर्षं ग्राह्य धरतात. पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी यांनाही मुदत असते. गुणांवर प्रवेश देणाऱ्या अनेक देशांत ठरावीक वयानंतर दरवर्षी गुण कमी होतात. 'अजून ठरवलं नाही' म्हणत बसलेल्याचा निर्णय सरकारी दप्तर परस्पर लावून टाकतं.
नाण्याला मात्र माझा विरोध आहे. नाणं उडवायचं तर ते हवेत असताना आपण कशासाठी देव पाण्यात घालतोय ते बघायला. पडल्यावर बघूच नये.

आकडेमोड
+१. आणि धागाकर्ते, तक्त्यात हवामानाला वजन किती दिलंय? श्काडे आणि कानेमन या संशोधकांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं. कॅलिफोर्नियावाले जास्त सुखी असणार, असं दोघांनाही वाटत होतं. स्वतःच्या समाधानाचे आकडे मात्र जवळपास सारखेच. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय. जो फरक डोळ्यांत भरतो, त्यालाच आपण भरमसाट वजन देतो.

कुंपणावरचा
हवामानाला १५ दिलेत. (कालपर्यंत १० होते.)

परतून आलेली
एक विचारू? राग मानू नका. पहिल्या ओळीत 'आमच्या घरात' लिहिलंत आणि पुढे सगळं 'मी'. हा तक्ता घरात कोणाला दाखवलाय?

सावकाश
हा प्रश्न पहिल्या प्रतिसादातच यायला हवा होता.

धडक बेधडक
सगळ्यांना विचारत बसलात तर अजून दोन वर्षं.

कुंपणावरचा
दोन दिवस उत्तर दिलं नाही, क्षमस्व. दाखवला नव्हता. पूर्ण झाला की दाखवू, असं होतं. काल दाखवला. बायकोने शांतपणे सगळा वाचला आणि स्वतःच्या वहीतलं एक पान पुढे केलं. तिचीही यादी आहे, गेल्या वर्षापासून. पाचच ओळी. त्यातली एकही माझ्या चौतिसांत नाही.