विलगीकरणातली तरुण मुलं: झोप आणि मन सावरायला सुरुवात कुठून करावी?

प्रश्न
महासाथीत बाधितांच्या संपर्कात आल्यामुळे १४ दिवस एका खोलीत राहाव्या लागणाऱ्या १८ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी सूचनापत्रक तयार करायचं आहे. ‘दिनक्रम पाळा, सकारात्मक राहा’ याचा उपयोग होत नाही. चार-पाच दिवसांत झोप पहाटेवर जाते आणि मग कशातच मन लागत नाही. आधी काय सांगावं? आणि नुसता कंटाळा कुठला, काळजीचं लक्षण कुठलं?

प्रतिसाद १
उठण्याची वेळ आधी पक्की करा. झोप ठरवून येत नाही, उठणं ठरवता येतं. या वयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेलं असतं. कॉलेज, नोकरी, सकाळचा उजेड त्याला ताळ्यावर ठेवतात आणि खोलीत हे तिन्ही सुटतं. हा आळस नव्हे, हे पत्रकात जरूर लिहा.

उठल्यावर अर्धा तास खिडकीशी बसावं. पलंग फक्त झोपेसाठी, फोन आणि अभ्यास खुर्चीवर किंवा जमिनीवर. अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काही वाचावं, पेंग आली की परत आडवं व्हावं. झोप पहाटे चारवर गेली असेल तर एकदम सहाला उठवू नका, दोन दिवसांत सगळं फिसकटतं. दर एक-दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे या.

मन लागेल तेव्हा करू म्हटलं की ते लागतच नाही. आधी कृती, मग उत्साह. रोज तीन लहान कामं पुरेत: एक अंग हलवणारं, एक हातावेगळं होणारं, एक कुणाशी तरी बोलायला लावणारं. ‘व्यायाम’ असं मोघम नको. ‘अकरा वाजता दहा उठाबशा’ असं लिहावं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. भरगच्च वेळापत्रकं तिथेच मोडतात, आणि मूल दोष स्वतःला देतं.

प्रतिसाद २
पटलं, पण सगळा भार मुलांवर नको. २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात विलगीकरणाच्या मानसिक परिणामांचा आढावा आला. लांबत जाणारा काळ, अपुरी माहिती, सामानाची टंचाई, पैशांचं नुकसान, लोकांचं दूर लोटणं ही त्यात दिलेली ताणाची काही कारणं. यातलं बरंच व्यवस्थेच्या हातात आहे. सुटकेची तारीख पहिल्याच दिवशी लेखी द्या, वाढवावी लागली तर कारणासकट कळवा. बातम्या दिवसातून एक-दोनदाच. रोज फोन करा, पण ‘कशी आहेस?’ला ‘ठीक’ एवढंच उत्तर येतं. ‘रात्री किती झोपलीस? आज काय खाल्लंस?’ असं विचारा.

प्रश्नकर्ता
रोजचा फोन त्यांना पाळत वाटली तर?

प्रतिसाद २
वेळ आणि बोलणारी व्यक्ती त्यांनाच निवडू द्या. ऐकलेलं कुणाला सांगितलं जाईल, हे आधीच स्पष्ट करा.

प्रतिसाद ३
कंटाळा आवडीचं काही मिळालं की कमी होतो. आवडीच्या गोष्टीही नकोशा होणं आणि उदासी दोन आठवडे जवळजवळ रोज टिकणं, हे नैराश्याचं लक्षण, तज्ज्ञांना दाखवावं. मात्र जेवण तुटलं, फोन घेणं बंद झालं, दारू वाढली किंवा ‘मी नसलेलंच बरं’ असं बोलणं आलं तर दोन आठवडे थांबू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर फोन चालू ठेवून दुसऱ्याला त्यांच्या दाराशी पाठवा, गोळ्या आणि धारदार वस्तू दूर करा, तातडीची मदत बोलवा. विलगीकरण आहे म्हणून दवाखाना टाळू नये. आधी कळवून, मास्क लावून न्यावं.