भातुकलीतली आजी आणि खरी ‘मी’

प्रश्न (एक आई):
माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. गेले दोन महिने भातुकली मांडली की ती आजी होते आणि बाहुलीला स्वतःचे नाव देते. टॉवेलचा पदर खांद्यावर घेऊन ‘किती हट्ट करतेस गं’ असे त्या बाहुलीला रागावते आणि थोड्याच वेळात तिलाच मांडीवर घेऊन थोपटते. आपण तिला नावाने हाक मारली, तर ‘ती झोपलीये, मी आजी आहे’ असे उत्तर मिळते. स्वतःची ओळख पक्की होण्याच्या वयात हे बरे नाही, असे नात्यातल्या एकांनी सांगितल्यापासून मनाला घोर लागला आहे. हा खेळ थांबवावा का?

उत्तर १ (बालवाडी शिक्षिका):
ताई, कृपया थांबवू नका. आपल्या भाषेत तर मुलांचे हे आतबाहेर येणे-जाणे कानांनी टिपता येते, कारण मराठीत ‘मी’च्या क्रियापदालाही लिंग असते. आमच्या वर्गात आई झालेला चार वर्षांचा मुलगा ‘मी ऑफिसला जाते हं, डबा संपवा’ असे म्हणत होता; तेवढ्यात कुणी त्याची कपबशी ओढली, तेव्हा क्षणात ‘बाईंना सांगतो मी!’ असा आवाज आला. ‘जाते’ आणि ‘सांगतो’ यांतला फरक त्याला कुणी समजावून दिला नव्हता, पण आपण कुठे खोटे खोटे आई आहोत आणि कुठे आपण आहोत, हे त्याला नेमके ठाऊक होते. तीन वर्षांचे होऊनही मूल खोटे खोटे काहीच खेळत नसेल, तर मात्र मी पालकांना बालरोगतज्ज्ञांशी बोलायला सुचवते.

उत्तर २ (मानसशास्त्राची अभ्यासक):
ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांच्या नाकाला नकळत रंग लावून त्यांना आरशासमोर आणले होते. साधारण दीड ते दोन वर्षांची बरीच मुले आरशाऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावतात. पण ती झाली चेहऱ्याची ओळख. आपण इतरांना कसे दिसतो, हे कळायला दुसऱ्याच्या जागी जावे लागते आणि अमेरिकी तत्त्वज्ञ जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या मते मूल ती जागा खेळात घेते. आपली मुलगी आजीच्या डोळ्यांनी स्वतःचा हट्ट पाहते आहे. एवढ्या लहान वयात तिला हे दुसऱ्या कोणत्या मार्गाने साधले असते, असे मला वाटत नाही. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी 1933 च्या व्याख्यानात ‘बहिणी-बहिणी’ खेळणाऱ्या दोन सख्ख्या बहिणींचे उदाहरण घेतले होते: एरवी सहज जगलेले नाते खेळात त्या जाणीवपूर्वक, नियम पाळून जगतात. मीड यांच्या मते अशा भूमिकांच्या खेळानंतरची पायरी नियमांच्या सांघिक खेळाची. लपंडावात लहानग्याला कच्चे लिंबू का करतात, ते इथे उमगते. राज्य घेणारा आणि लपणारे या सगळ्यांच्या भूमिका एकाच वेळी मनात धरणे त्याला अजून जमत नसते.

उत्तर ३ (एक आजोबा):
थांबवू नका, पण कान देऊन ऐका. आमचा नातू बाहुलीवर नुसता ओरडू लागला, तेव्हा घरात आमचेच आवाज चढले होते.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. काल मी जवळ जाऊन बसले, तर तिने बाहुली बाजूला ठेवली आणि मला म्हणाली, ‘आज तू मी हो.’ मी तिच्यासारखा खाऊ मागितला. पदर सावरत ती म्हणाली, ‘आधी हात धू.’